पडायचं शिक्षण

बायको गेल्यावर मुलीचं सगळं माझ्याकडे आलं. पोलिओने तिच्या दोन्ही पायांतली ताकद गेलेली. कामांची यादी भिंतीला लावली की घर चालतं, अशी माझी समजूत होती. त्याच शिस्तीने मी दर रविवारी तिला घेऊन, अशा मुलांना एकट्याने वाढवणाऱ्या पालकांच्या वर्गाला जायचो. तिथे सगळ्या बायका, पुरुष मी एकटा. मी मुलीच्या पायांना आधार देणाऱ्या कॅलिपरचे पट्टे आवळू लागलो की कुही गावाहून येणारी एक बाई म्हणायची, "पार्सल बांधून राहिले का, भाऊ?" सगळ्या हसायच्या. मुलगीही.

शिकवणाऱ्या बाईंनी मुलांना आधी पडायलाच शिकवलं. कुबड्या बाजूला टाकायच्या, हातांवर पडायचं, पालथं होऊन पुन्हा उभं राहायचं. आम्हा पालकांना एकच शिकवलं: हात मागे धरून उभं राहा, उचलू नका. रस्त्यावर पडून माझी मुलगी स्वतः उठली, की तिला एकटीला शाळेत पाठवायचं, असं बाईंनी ठरवलं होतं. मुलगी त्याच दिवसाची वाट पाहत होती.

महाल भागातल्या आमच्या गल्लीत, पानठेल्यासमोर ती पडली. मी हात मागे धरले. ठेल्यावरची माणसं बघू लागली. एकजण म्हणाला, "कसा बाप आहे गा हा? माय असती तर उचललं असतं."

मी तिला उचललं. त्या माणसांसाठी उचललं.

घराच्या पायरीवर टेकल्यावर ती म्हणाली, "काहून उचललं, बाबा? मी उठूनच राहिली होती."

रविवारी बाईंनी तिला विचारलं, रस्त्यावर पडलीस तेव्हा कोणी उठवलं? "मीच उठली," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. बाई खूश झाल्या. उद्यापासून शाळेत पाठवा, म्हणाल्या. इतर बायकांनी माझं कौतुक केलं. मी ते ऐकून घेतलं.

सोमवारी ती निघाली. सायकल हातात धरून मी बरंच अंतर ठेवून मागे गेलो. ठेल्याच्या थोडं पुढे ती पुन्हा पडली. ठेलेवाला धावला. "हात नका लावू," ती म्हणाली. पालथी झाली, कुबडी ओढून घेतली, हळूहळू उभी राहिली. फ्रॉकची धूळ झटकली आणि एकदा मागे वळून पाहिलं.

मी सायकलची चेन बसवायला खाली वाकलो. चेन उतरलेली नव्हती.