भिंतीवरच्या भाकऱ्या

नेपाळ म्हणजे काय परदेश न्हवं म्हणे! पासपोर्ट लागत नाही म्हणून? अहो, सोलापुरातनं सरहद्दीवरचं रक्सौल गाठेपर्यंत माझी कंबर मोडली, आणि पुढं बसनं घाट चढताना काय उरली होती तीही गेली. तुम्ही दुधनीच्या पलीकडं गेलाय का कधी? मग गप चहा प्या आणि ऐका. तिथं माझी जी फजिती झाली ती आजवर बायकोलासुद्धा सांगितलेली नाही.

दुष्काळ सरला त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. दुकान धाकट्या भावावर सोपवलं आणि पशुपतिनाथाच्या दर्शनाला एकटाच निघालो. बायकोनं शिदोरी बांधून दिली, चाळीस कडक भाकऱ्या आणि डबाभर शेंगाची चटणी. आपली कडक भाकरी, महिनाभर काही होत नाही तिला!

काठमांडूत धर्मशाळेच्या दारातच धनबहादूर भेटला. बुटका, हसरा, यात्रेकरूंना गाव दाखवत हिंडणारा. माझं हिंदी म्हणजे तुम्हाला ठाऊकच आहे. पण त्याला सगळं कळायचं की! पहिल्याच दिवशी "आ गया अप्पाजी, आ गया" करत त्यानं मला टेकडीवरच्या साडेतीनशे पायऱ्या चढवल्या. दुकानात जन्मभर अनवाणी उभा राहिलेला माणूस मी, टाचांना ह्या एवढाल्या भेगा! उतरताना मी मटकन खालीच बसलो. तर ह्या गड्यानं मला पाठुंगळी घेऊन खाली आणलं. सख्खा भाऊ करील का हो? दुसऱ्या दिवसापासून माझी पिशवी, माझं पाकीट, सगळं त्याच्याकडं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फडक्यात काहीतरी गुंडाळून घेऊन आला.

"आमा ने आपके लिए भेजा है," म्हणाला. आमा म्हणजे आई. "चलने की थकान उतर जाएगी."

उघडून बघतो तर साबणाच्या वडीएवढा पिवळट दगड. खरखरीत, टणक. मी लगेच ओळखलं, वजरी! टाचा घासायची वजरी! ज्या माउलीनं मला बघितलंसुद्धा नाही तिला माझ्या टाचांची काळजी? माझे डोळेच भरून आले राव.

मग मी काय मागं राहतो? भाकऱ्यांची अख्खी चळत त्याच्या हातात ठेवली. "ये हमारे घरवाली के हात का है. अम्मा को देना."

त्यानं चळत कपाळाला लावली.

त्या दिवसापासून मी रोज आंघोळीला टाचा घासत होतो. वजरी मात्र भारी हं! पाणी लागलं की जरा बुळबुळायची, वासही यायचा. म्हटलं, काहीतरी डोंगरातलं औषध असंल.

चौथ्या दिवशी त्यानं घरी नेलं. आत पाऊल टाकलं आणि समोरची भिंत बघून माझं डोकंच फिरलं. भिंतीवर माझ्या बायकोच्या भाकऱ्या! ओळीनं टांगलेल्या! प्रत्येकीला मधोमध भोक, भोकात सुतळी, वर कुंकवाचा टिळा आणि झेंडूचं फूल!

"ये क्या किया रे?"

"सजाया, अप्पाजी," तो कौतुकानं म्हणाला. "आपके देश की कारीगरी है ना!"

"कारीगरी? अरे खाने का हाय वो! भाकरी हाय भाकरी!"

"खाने का?" त्यानं एका भाकरीवर टकटक करून बघितलं. "ये?"

संताप संताप झाला माझा! तुम्हीच सांगा, अन्नाला भोक पाडतं का कोणी? माझी बायको चुलीपुढं दोन दिवस घाम गाळून बसली ती ह्यांच्या भिंती सजवायला? त्याची आमा दारात येऊन उभी राहिली तरी माझं तोंड थांबेना. "दुसऱ्याच्या मुलूख की चीज मिली तो पहले पूछने का, ये क्या हाय! अपनी अक्कल नहीं चलाने का!"

धनबहादूरचा चेहरा एवढासा झाला. आमानं आपलेच दोन्ही कान धरले, एक भाकरी उतरवली आणि तिचा तुकडा मोडून तोंडात घातला. मी पिशवीतला चटणीचा डबा पुढं केला, तर चटणीबरोबर तिला लई आवडली. मग मीही मोठ्या मनानं त्यांना माफ करून टाकलं!

पाचव्या दिवशी निघायचं होतं. धनबहादूर सामान उचलायला आला. मोरीपाशी बादलीच्या शेजारी माझी वजरी पडलेली, निम्मी झिजलेली. त्यानं ती उचलली आणि त्याचे डोळे चमकले.

"अप्पाजी! चाट चाट के इतना चिकना कर दिया?"

"चाट के? क्या हाय रे वो?"

"छुर्पी! चौरीगाईचं दूध नासवून, दाबून चुलीवर वाळवतात," असं त्याच्या हिंदीत सांगत त्यानं कमरेची कुकरी काढली, वडीचे दोन तुकडे केले. "पहाड़ चढ़ते समय मुँह में रखते हैं. एक आपका, एक मेरा. भाई भाई!"

आणि त्याचा हात तोंडाकडं निघाला की हो!

काय बोलणार होतो? तुझ्या आईच्या हातचं अन्न मी पायाला घासलं म्हणून? कालच तर त्याच बाईला तिच्या दारात उभं करून अन्नाचा मान शिकवला होता! मी झडप घातली. त्याच्या हातातला तुकडा हिसकला, माझाही घेतला आणि दोन्ही तोंडात कोंबले. "दोनों मेरा!"

तो बघतच राहिला. मग रडायला लागला. "इतना पसंद आया? मैं आमा को बताऊँगा!"

बसमध्ये चघळत होतो, रक्सौलला गाडीत बसलो तरी चघळत होतो. खिडकी होती की, थुंकता आलं असतं. पण आमाचे ते धरलेले कान डोळ्यांपुढं यायचे आणि तोंड उघडायचंच नाही.

घरी आलो. बायकोनं पायावर तांब्याभर पाणी ओतलं आणि खाली वाकून बघतच राहिली.

"अगं बया! टाचांचं ते जाड कातडं कुटं गेलं वो?"

आता काय सांगू तिला, खाल्लं म्हणून?