तीन दुर्बिणी आणि एक वाइस

वजनमापे खात्यात चौतीस वर्षे काढलेल्या त्या गृहस्थांना सगळे काटेसाहेब म्हणत. नोकरी संपली तरी नाव चिकटून राहिले आणि नावाबरोबर सवयही. दुकानदाराने तराजू उचलला की साहेबांची नजर आधी काट्यावर जाई, मालावर नंतर. घरातले घड्याळ, तापमापक, शिवणाची मोजपट्टी या सर्वांच्या पाठीवर एकेक चिठ्ठी होती: तपासणीची तारीख, खाली ‘पास’ किंवा ‘नापास’, आणि त्याखाली ‘कारण’.

“माझ्या पाठीवर नाही लावलीत, हेच नशीब,” असे त्यांच्या पत्नी म्हणत. बाई दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. नवऱ्याच्या कोणत्याही शंकेने त्यांची झोप उडत नसे.

साहेबांना एकच नाद होता, नेमबाजीचा. क्लबात दहा मीटरवरच्या कागदी निशाणावर ते स्प्रिंगची हवाई रायफल चालवत. अकरा वर्षांची भोके पडलेली कार्डे तारीखवार बुटांच्या खोक्यांत लावून ठेवलेली होती. त्याच खोक्यांनी त्यांना आता अडचणीत आणले होते. गेल्या चार महिन्यांतली कार्डे ओळीने मांडली, तर भोके पांगत चालल्याचे आंधळ्यालाही दिसले असते.

क्लबाच्या चिटणिसांनाही ते दिसले होते. “काटेसाहेब, वयाबरोबर डोळा दगा देतोच हो,” ते मधाळ आवाजात म्हणाले. “गुण मोजायला तुमच्यासारखा चोख माणूस कुठे मिळणार? खुर्ची राखून ठेवलीय तुमच्यासाठी, चांगली गादीची.” पुढच्या महिन्यात एका रविवारी क्लबाच्या संघाची निवड होती: पाच कार्डे, अडीचशे गुण. दोनशेच्या खाली आला तो खुर्चीत.

साहेबांना खुर्चीची धास्ती बसली. डोळा की रायफलीची दुर्बीण, या प्रश्नाचा निकाल लागल्याशिवाय त्या खुर्चीत बसायचे नाही, असे त्यांनी ठरवले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी “वयाच्या मानाने उत्तम” असे सांगितले. ते साहेबांना पटले नाही. वयाचे मान हे कोणत्याही मापात बसत नव्हते. राहिली दुर्बीण.

रायफलीवरची दुर्बीण पुतण्याने भेट दिलेली होती: हातभर लांब, मोठ्या शिकारी बंदुकीची, भारीतली. दुर्बिणी दुरुस्त करणाऱ्या बाईंचे दुकान बाजाराच्या टोकाला होते. त्यांनी ती कानाशी धरून हलवली आणि म्हणाल्या, “गेली. आतलं भिंग सुटलंय.”

“एवढी महागाची?”

“महागाचीच आधी जाते, साहेब. मोठी बंदूक एकदाच मागे ढकलते. हिची भिंगं तेवढ्याच धक्क्यासाठी बसवलेली. तुमच्या रायफलीत स्प्रिंग सुटली की ती आधी मागे जाते, मग आतला दट्ट्या टोकाला आदळला की पुढे झटका देते. दोन्हीकडून मार! महिनोन्‌महिने खाल्ला की अशा दुर्बिणीचा खुळखुळा होतो.”

“याला पुरावा?”

बाईंनी फळीवरचा पत्र्याचा डबा काढून खडखडवला. “ही सगळी सुटलेली भिंगं. स्प्रिंगवाल्यांचीच.”

“डब्यावर तारखा नाहीत,” साहेब म्हणाले.

“भिंगांनी सांगितल्या नाहीत,” बाई म्हणाल्या.

तरीही साहेबांनी बाईंचा सल्ला न घेता दुसरी दुर्बीण दुसरीकडून आणली. ती स्वस्त होती, शिवाय चित्र लहानमोठे करण्याची कडी होती. माउंट, म्हणजे दुर्बीण रायफलीला धरणारी पकड, जिथे बसली तिथे त्यांनी पेन्सिलीने बारीक रेघ ओढली. चाळीस छऱ्यांनंतर पकड रेघेपासून काडीभर मागे सरकली होती आणि कडी हातात डुगडुगत होती. नापास, कारण: पकड सरकते, कडी सैल.

मग स्वारी निमूटपणे बाईंच्या दुकानात गेली. बाईंनी टोमणा मारायची संधी सोडली नाही. “या! डब्यासाठी भिंग आणलंत का?” असे म्हणून त्यांनी एक आखूड, जाड नळीची, दिसायला अगदी बावळट दुर्बीण पुढे केली. चौपट मोठे दाखवायचे, बस. कमी-जास्त काही नाही. पुढचे भिंग फिरवून दहा मीटरवर स्वच्छ बसवता येत होते. पकड अखंड, आणि तिच्या पोटातली खुंटी रायफलीवरच्या भोकात बसत होती, म्हणजे सरकायची सोय नाही.

“दुसरीपेक्षाही स्वस्त? का?”

“हिच्यात मिरवण्यासारखं काही नाही, म्हणून. फिरणारे भाग कमी, म्हणजे मोडणारेही कमी.”

साहेबांनी ती घेतली, पण विश्वास ठेवला नाही. हाताने चाचणी घेतली, तर त्यात डोळा आणि हात दोन्ही मिसळणार. काटा तपासायचा तर आधी तो अढळ जागी ठेवावा लागतो. चौतीस वर्षे त्यांनी हेच केले होते. घराचा बोळ नऊ मीटर साठ सेंटिमीटर भरला. न्हाणीघराचे दार उघडून उरलेले चाळीस मिळवले. आत चिंध्या भरलेली जाड लाकडी पेटी ठेवली, बाहेरच्या दाराला कडी घातली. या टोकाला टेबलाला जडवलेला लोखंडी वाइस, म्हणजे वस्तू आवळून धरणारा शिकंजा, होता; त्याच्या जबड्यांत लोकर घालून त्यांनी रायफल करकचून आवळली.

पाच छरे पाच दिशांना गेले. आणखी वीस झाडले, तीच कथा. पकड रेघेवरून तसूभर हलली नव्हती, भिंग वाजत नव्हते. चिठ्ठीवर साहेबांनी ‘नापास’ लिहिले आणि ‘कारण’पाशी लेखणी अडली. चौतीस वर्षांत तो रकाना त्यांनी कोरा सोडला नव्हता.

कारण सापडत नसेल तर खात्यात दुसऱ्या माणसाकडून फेरतपासणी होई. निवडीच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, त्यांनी रायफल वाइसमधून सोडवली आणि पत्नीला हाक मारली. “अगं, जरा येतेस?”

“अहो, माझं भरतकाम खोळंबलंय.”

“पाचच छरे.”

बाई आल्या, खुर्चीत बसल्या, टेबलावर कोपर टेकवले आणि रायफल उघड्या तळव्यावर नुसती ठेवली.

“घट्ट धर!”

“मी कशाला आवळू? मला ती आवडतच नाही.”

पाच छरे झाले. साहेबांनी कार्ड आणून खिडकीशी धरले. पाचही भोके एका नाण्याखाली झाकली जात होती.

“योगायोग,” ते म्हणाले. बाईंनी कुरकुरत आणखी दोन कार्डे मारली. नाणे तेच पुरले.

साहेबांची नजर वाइसवर गेली. मग त्यांनी रायफल पुन्हा जबड्यांत आवळली, टेबलावर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवला आणि चाप ओढला. पाणी उसळून नोंदवहीवर सांडले. पुढे-मागे जायला जागाच नसलेला तो दुहेरी धक्का टेबलभर पसरला होता, आणि छरा नळीतून बाहेर पडण्याआधीच नळी कुठल्या कुठे गेली होती.

“म्हणजे मीही वाइसच,” साहेब पुटपुटले. गेल्या चार महिन्यांत भोके पांगू लागली तशी त्यांनी मूठ आवळली होती; आणि मूठ आवळली तशी ती अधिकच पांगली होती.

“तान्हं मूल असंच धरतात,” बाई सुई ओवत म्हणाल्या. “आवळलं की रडतं.”

रविवारी पहिल्या कार्डावर जुनी सवय आडवी आली: चौतीस. चिटणिसांनी गादीची खुर्ची जरा पुढे ओढली. साहेबांनी रायफल खाली ठेवली, बोटे मोकळी केली, तळवा उघडला. उरलेल्या चार कार्डांत एकशे बाहत्तर. एकूण दोनशे सहा.

“दुर्बीण बदललीत वाटतं?” चिटणिसांनी विचारले.

“दुर्बीणही बदलली,” साहेब म्हणाले, आणि गुणांची बेरीज त्यांनी स्वतः दोनदा करून पाहिली.

घरी आल्यावर त्यांनी तिसऱ्या दुर्बिणीवरची चिठ्ठी काढून तिथे ‘पास’ लावली. ‘नापास’ची चिठ्ठी वाइसवर डकवली आणि कोरा रकाना भरला: ‘रायफलीला हलू देत नाही’.

“आणि माझी कार्डं?” बाईंनी विचारले.

ती खोक्यात सगळ्यांत वर होती, तारखेसकट. खाली सुवाच्य अक्षरात लिहिले होते: ‘पुढच्या शनिवारी फेरतपासणी आवश्यक.’

“सरळ सांगा ना,” बाई म्हणाल्या, “परत मारून दाखव म्हणून.”