आउटरची शिट्टी

दादा गेल्याचं मला पाथरीला फोनवर कळलं. वहिनी एवढंच म्हणाली, "ताई, तुमी निघा." का म्हणून विचारायचं धाडस झालं नाही. माहेरी सेलूपर्यंत जीपमध्ये एकच विचार डोक्यात फिरत होता, आता घरातलं ते इंजिन कोण वाजवणार? सख्खा भाऊ गेला आणि या बाईला खेळणं आठवतंय, असं कुणी म्हटलं असतं तर मी भांडले असते. आता त्याला काही आठवडे झाले, तरी दादा म्हटलं की मला आधी ते इंजिनच दिसतं.

आमचे अण्णा मीटरगेजच्या छोट्या लाईनवर वाफेच्या इंजिनाचे ड्रायव्हर. रिटायर झाले तेव्हा शेडमधल्या लोकांनी त्यांना पत्र्याचं एक जुनं इंजिन भेट दिलं, गोल रुळांवर विजेने पळणारं. बटण दाबलं की सुसाट सुटायचं. अण्णा म्हणायचे, "ही काय गाडी हाय? उंदीर हाय." दादावरही त्यांचा असाच राग. त्याने रेल्वेत चिकटावं, फायरमन होऊन पुढे ड्रायव्हर व्हावं, हे त्यांनी मनात धरलेलं. आणि या बहाद्दराने स्टेशन रोडला रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. तेव्हापासून अण्णांनी त्याला नावाने हाक मारणंच सोडलं. "तुझे रेडिओवाले आले, वाढ त्यायला," असं मायला सांगायचे. दादा हसून ताटावर बसायचा. पण एकदा मला म्हणाला, "एकदा नावानं हाक मारू दे गं त्यायला... मंग काय बी म्हणू दे."

छोटी लाईन उखडून मोठी टाकायचं चाललं, वाफेची इंजिनं कमी होत गेली, तसे अण्णा गप्प गप्प राहू लागले. तेव्हा दादाने कपाटावरचं ते इंजिन उतरवलं. आधी त्याची धाव ताब्यात आणली. आत चिपची पट्टी बसवली, हातात टीव्हीसारखा रिमोट. दाबला की इंजिन जड अंगाने हलायचं, दमादमाने वेग धरायचं. अण्णांनी तिरप्या नजरेने पाहिलं आणि म्हणाले, "मुकी हाय." झालं, दादा आवाजाच्या मागे लागला. आवाज साठवणारी चिप त्याने मुंबईहून मागवली, जेमतेम काही सेकंद मावणारी, आणि कोळशाच्या डब्यात बुचाएवढा स्पीकर दडवला. टेपरेकॉर्डर घेऊन प्लॅटफॉर्मवर उभा राहिला. अण्णा म्हणाले, "हे प्याशिंजरचं ऐकणं हाय." मग एका ओळखीच्या ड्रायव्हरच्या हातापाया पडून इंजिनात चढला आणि भुवया भाजून घेऊन परतला. अण्णांनी डोळे मिटून ऐकलं. "बरं हाय. पर ही माझी गाडी न्हाई." मी तडकलेच. "आवो, तुमची गाडी भंगारात गेली, ती आता कुठून आणायची त्यानं?" दादाने मला डोळ्यांनीच गप्प केलं.

पुढे विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता त्या दिवसाची गोष्ट. बाजार बंद, जिनिंग मिल बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही, प्रत्येकाच्या जिवाला घोर. दादा परसात टेपरेकॉर्डर जवळ ठेवून नुसता बसून होता. दुपारची गाडी लांब आउटर सिग्नलला थांबली आणि तिने शिट्टी दिली... कापसाच्या रानांवरून, लिंबाच्या पानांतून गाळून आल्यासारखी. दादाने टेपचं बटण कधी दाबलं ते मला कळलंही नाही. आजही ती शिट्टी ऐकताना डोळे मिटले की मी परकरात असते, दार उघडं असतं, अंगणात ऊन पसरलेलं असतं आणि कुणीतरी घरी यायचं असतं... तीच शिट्टी त्याने चिपमध्ये भरली.

ओसरीत रूळ मांडले. अण्णा खाटेवर बसलेले. इंजिन हललं, शिट्टी झाली, पुसट, लांबची. अण्णांची मान नकाराला हललीच होती, तेवढ्यात आत पातेलं वाजलं.

"काय करायलीस गं?" त्यांनी विचारलं.

"आंघोळीचं पाणी ठेवायलेय. शिट्टी झाली न्हाई का..." म्हणता म्हणता माय दारात आली आणि खटकन थांबली. लाजली बिचारी.

"तू शिट्टीवर पाणी ठेवायचीस?"

"मंग? घड्याळ कुठं हुतं आपल्या घरात?"

"पर माझीच गाडी हाय, हे कसं कळायचं?"

"कशाचं कळतंय!" माय म्हणाली. "लांबून सगळ्या तुमच्याच वाटायच्या. कितींदा तापलेलं पाणी निवून गेलं."

उभा जन्म अण्णा काळेठिक्कर होऊन घरी यायचे आणि कढत पाणी अंगावर घ्यायचे. ते वेळेवर कसं तयार असतं, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. त्यांनी खुंटीवरचा पंचा घेतला आणि सकाळी एकदा न्हालेला हा माणूस भर दुपारी न्हाणीकडे निघाला. दारातून वळून म्हणाले, "दत्ता, बंद करू नको. वाजू दे तिला."

दादा हातात स्क्रू ड्रायव्हर धरून ढसाढसा रडला. त्याची टिंगल करण्यात माझा जन्म गेला, पण त्या दिवशी मलाही हसू आलं नाही.

पुढे अण्णा गेले, मायही गेली. दादाची सवय राहिली. दुकानातून आला की चपला काढायच्या आधी रिमोट दाबायचा, आणि आत वहिनी गॅसवर पाणी ठेवायची. घरात गिझर आला तरी दोघांनी हे सोडलं नाही. मी चेष्टा करायचे, "काय ड्रायव्हरसाहेब, लेट झाली का गाडी?"

तेरावं उरकलं, पाहुणे पांगले. संध्याकाळी मी ओसरीत एकटीच होते. इंजिनावर धूळ बसलेली, ती पदराने पुसली आणि का कोण जाणे, रिमोट दाबला. इंजिन जड अंगाने हललं. लांब कुठेतरी शिट्टी झाली...

आत गॅस पेटल्याचा आवाज आला. पाठोपाठ पातेलं वाजलं. मग सगळं शांत. ओट्याशी वहिनी तशीच उभी राहिली असणार. सकाळीच न्हाले होते मी. तरी उठले, खुंटीवरचा टॉवेल घेतला.

"वहिनी," मी हाक मारली, "पाणी काढा. आले मी."