माटोळीसाठी दिलेल्या कॅप्सूल

हे मी कालपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही. देवाला तर नाहीच — आरतीला उभी राहते तेव्हा आधी डोळे मिटून घेते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

डिचोलीच्या बाजारात माझी फार्मसी. तोंडाची मी फटकळ. चिठ्ठीशिवाय कुणी औषध मागितलं तर अशी बिनपाण्याची करते की पुन्हा पायरी चढत नाही. लोक म्हणतात, बाई कडक आहे. डोंबलाची कडक! परक्यांना कडक.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, मये गावचे भावजी, आमोण्याला नदीतल्या खनिजाच्या बार्जवर कामाला होते. गोवा राज्य होऊन थोडी वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. शिडीवरून घसरले, कंबर धरली. डॉक्टरांनी दुखण्यावर कॅप्सूल लिहून दिल्या, थोड्या दिवसांपुरत्या. अफूच्या जातीचं औषध ते — आधी दुखणं थांबवतं, मग माणसालाच सोडत नाही. मला ठाऊक नव्हतं का? शिकलेच होते की! पण भावजी काउंटरवर येऊन हसायचे, "दे गो बाय, उभं राहवत नाही." आणि मी द्यायची. घरच्या माणसाकडे कसली चिठ्ठी मागायची?

चवथीला आमचा बाजार बंद. त्याआधी लोक औषधंसुद्धा नारळ-गुळासारखी भरून ठेवतात. मयेच्या घरात गणपतीवरची माटोळी भावजीच बांधायचे — रानफळं, काकड्या, सुपारीचे घोस, सगळं शिडीवर चढून, हात वर करून. "यंदा जास्त दे," म्हणाले. मी दुपटीहून जास्त दिल्या. वर म्हटलं, "माटोळी झकास झाली पाहिजे हां!"

झाली झकास. आणि तिच्याचखाली, आरतीच्या आधी, भावजी कोसळले. ओठ निळे. श्वास — आहे की नाही?

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "काय घेतलंय यांनी?" मागून कुणीतरी म्हणालं, "सोरो मारला असतलो." ताई किंचाळली, "थेंब घेत नाहीत हो ते!"

मला एक वाक्य बोलायचं होतं. एकच. पण लायसन जाईल, ताई तोंड बघणार नाही, हे आधी सुचलं. भावजी मरतील, हे नाही सुचलं? सुचलं. डॉक्टरांनी परत विचारलं, आणि मी माझ्या चपलांकडे बघत राहिले.

शेवटी डॉक्टरांनीच भावजींची पापणी उघडून बघितली. बाहुली मोहरीएवढी. ओळखलं त्यांनी, उताऱ्याचं इंजेक्शन दिलं, आणि भावजींनी श्वास घेतला. मी रडले. ताईला वाटलं, बहीण किती मायेची.

शुद्धीवर आल्यावर भावजींनी कॅप्सूलचं कबूल केलं. कुठून आणल्या? "आठवत नाही," म्हणाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या माणसाने मला झाकलं हो! मग उपचार झाले, हळूहळू मात्रा उतरवली. घाम, थरथर, चिडचिड — ताईने सगळं काढलं. मला म्हणायची, "ज्या मेल्याने विकल्या, त्याचं वाटोळं होवो." मी तिला चहा ओतत म्हणायची, "होवो गो, होवो."

भावजी सुटले त्यातून. कंबर अजून कुरकुरते, पण रोज सकाळी तळ्याभोवती चालतात, व्यायाम करतात, बार्जवरच्या गोष्टी सांगून नातवंडांचं डोकं खातात. माझ्या काउंटरवर आता भाऊ येवो की बहीण, चिठ्ठीशिवाय तसलं औषध मिळत नाही. याने काही फिटत नाही, ठाऊक आहे मला.

काल मयेला गेले होते. भावजी शिडीवर, माटोळी बांधत. गोळी नाही, काही नाही, मधेमधे खाली उतरून पाठ टेकत होते. शिडी मी धरली होती. ताई सुपाऱ्या निवडत म्हणाली, "त्या मेल्याने आज यांना बघायला हवं होतं."

भावजींनी वरून पटकन माझ्याकडे बघितलं, नको म्हणून मान हलवली. मी शिडी सोडली नाही.

"बघतोय गो ताई," म्हटलं. "तो मेला मीच."