मी वाचलेला कौल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, निवृत्तीच्या दिवशी माझ्याविषयी चार चांगले शब्द बोलणाऱ्या सहकाऱ्यांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतो? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून — की तुम्ही कधी माझ्यासमोर येऊन उभे राहणार नाही म्हणून? दुसरंच खरं असावं.

सुप्याजवळच्या एका खेड्यातला मी. आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिला मुलगा. पदवीचा कागद घेऊन घरी गेलो, तेव्हा आईनं तो देवापुढे ठेवला आणि त्याला हळदकुंकू वाहिलं. कागदावर एक पिवळा डाग राहिला, तो अजून आहे. नगरच्या ज्या वसतिगृहात राहून मी शिकलो, त्याचे माझ्यावर फार उपकार आहेत. दुष्काळात स्वतःच्या घरची डाळ आणून आमटीत घालणाऱ्या स्वयंपाकाच्या बाई, फी भरायला उशीर झाला तरी वर्गात बसू देणारे सर — या माणसांमुळे मी माणसात आलो. पुढे जे सांगणार आहे त्यात त्यांच्यापैकी कुणाचाही दोष नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण दोष दुसऱ्यांत वाटून टाकण्याची मला सवय आहे.

बहात्तरचा दुष्काळ. आम्ही बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. पाण्याचा टँकर एक दिवसाआड यायचा. सकाळी वरण आणि मिलोची एक भाकरी, संध्याकाळी पातळ आमटी आणि दोन भाकऱ्या. मिलो म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी गरम असेतो भाकरी, नंतर चामडं. तरीही कुणी तुकडा टाकत नसे. मला सतत भूक लागलेली असायची. पण ती सगळ्यांनाच लागायची, म्हणून ते कारण म्हणून सांगत नाही.

आमच्या खोलीत चौघे. शेवगावचा जगू, नेवाशाचा दत्ता, मी, आणि चिंधू. चिंधू भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाचा, डोंगरातला. अंगानं बारीक, बोलायला हळू, आणि काही विचारलं की आधी जरा वेळ जमिनीकडे बघणारा. त्याच्या गावी उन्हाळ्यात बोहाडा होई. गावातली ठरलेली घरं देवादिकांचे लाकडी मुखवटे चढवून नाचतात, त्याला सोंग म्हणतात. चिंधूच्या घराकडे भैरोबाच्या सोंगाचा मान होता. त्याचा बाप ते सोंग घ्यायचा आणि त्याच्यानंतर चिंधू घेणार होता. तो सांगायचा, मुखवटा चढवण्याआधी माणसानं उपास करायचा, नेम पाळायचा, आणि देवाला कौल लावायचा. देवानं हो म्हटलं तरच चढवायचा. नाही म्हटलं तर सोंग त्या वर्षी पेटीत.

त्याच्या या सांगण्यातूनच मला खेळ सुचला.

दर रविवारी दुपारी आम्ही मागच्या ओसरीवर बसायचो. फरशीवर मी खडूनं एक मुलूख काढायचा — डोंगर, खिंडी, कोरड्या नद्या, राक्षसाचं गाव. प्रत्येकानं एक सोंग घ्यायचं. प्रत्येक सोंगाला एका देवाचा वर आणि त्या वराबरोबर एक नेम. नेम मोडला की वर गेला. प्रायश्चित्त घेतलं आणि देवानं कौल दिला तर वर परत. कथा मी सांगायची, संकटं मी आणायची, आणि काय घडलं ते सात कवड्या टाकून ठरायचं. जगू मला सूत्रधारबुवा म्हणायचा. जगूच्या सोंगाला आगीचा वर होता आणि तो दर रविवारी नेम मोडून तो घालवायचा. "माझ्या देवाला माझी सवय झालीये," म्हणायचा.

चिंधूच्या सोंगाला हाताचा वर होता. जखमेवर हात ठेवला की जखम भरायची. त्याचे नेम दोन — तहानलेल्याला पाणी नाकारायचं नाही आणि दिलेला शब्द मोडायचा नाही. त्यानं ते कधी मोडले नाहीत. बाकीचे खेळायचे, तो राहायचा त्यात. हळूहळू असं झालं की मुलूख माझा, राक्षस माझे, पण जगू आणि दत्ता बघायचे ते चिंधूकडे. आता काय करायचं रे चिंधू? मला ते सहन झालं नाही. एवढीच गोष्ट. खेळातला देव त्याच्यावर प्रसन्न होता, आणि तो देव तर मी होतो ना?

मी एक खिंड रचली. चिंधूच्या हातात पाण्याची एकच पखाल, आणि ती तोंड न सोडता पलीकडच्या गावात पोचवीन असा त्यानं शब्द दिलेला. खिंडीत एक म्हातारा पाणी मागतो. द्यावं तर शब्द मोडतो, न द्यावं तर नेम मोडतो. तिसरी वाट मी ठेवलीच नव्हती. त्यानं बराच वेळ फरशीकडे पाहिलं. त्या दिवसांत टँकरच्या रांगेत आम्ही सगळेच उभे असायचो, त्याला ती पखाल खरीच दिसत असणार. मग त्यानं म्हाताऱ्याला पाणी दिलं. मी म्हणालो, वर गेला.

दत्ता भांडला. हा डाव नाही, सापळा आहे, म्हणाला. खरंच बोलला. पण चिंधूच माझी बाजू घेऊन म्हणाला, "न्हाई, रंगाचं बरुबर हाय. शब्द मोडला मी."

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, पोरांचा खेळ तर होता. एका पोरानं दुसऱ्याला खेळात फसवलं. मीही स्वतःला कित्येक वर्षं एवढंच सांगत आलो.

त्यानं विचारलं, वर परत कसा मिळेल? खेळाच्या रीतीनं मी तीन वेळा कवड्या टाकायला सांगायला हवं होतं. त्याऐवजी म्हणालो, एकवीस दिवस रात्री एकाच भाकरीवर राहायचं. रात्रीची दुसरी भाकरी देवापुढे ठेवायची. जगू हसला, त्याला वाटलं सोंग उपाशी राहणार. चिंधू हसला नाही. त्याच्या गावात सोंगाचा नेम माणूसच पाळतो. मुखवट्याला पोट नसतं. हे मला ठाऊक होतं. त्यानंच सांगितलेलं होतं.

त्याच संध्याकाळपासून त्यानं एक भाकरी फडक्यात बांधून कोनाड्यात, माझ्या खेळाच्या वहीवर — खेळातल्या देवाची जागा तीच — ठेवायला सुरुवात केली. पहाटे ती गायीला घालायचं काम सूत्रधाराचं, म्हणजे माझं. पहिल्या दिवशी मी खरंच घेऊन निघालो. फाटकापर्यंत गेलो. मग परत आलो आणि मोरीचं दार लावून ती भाकरी खाल्ली. पाण्याशिवाय, उभ्यानं. दुसऱ्या दिवशी फाटकापर्यंतही गेलो नाही.

चिंधू विचारायचा, गायीनं खाल्ली का? मी म्हणायचो, खाल्ली. त्याला बरं वाटायचं.

त्याची गालफडं वर आली. वर्गात त्याची मान कलायला लागली. सरांनी विचारलं तर म्हणाला, नेम हाय. दत्तानं मला बाजूला घेऊन सांगितलं की हे थांबव, तुझ्या एका शब्दानं थांबेल. मी म्हणालो, श्रद्धेचा प्रश्न आहे, मी कोण? हे वाक्य मी फार गंभीरपणे म्हणालो होतो. ते आठवलं की अजून तोंड कडू होतं.

आणि तरीही — सांगायचं ते हे नाही. हे सांगणं त्यामानानं सोपं आहे. भुकेल्या माणसानं भाकरी चोरली, त्याला तुम्ही कदाचित माफही कराल. मला माफी नको आहे, म्हणून पुढचं सांगतो.

एकविसावा दिवस. जगू आणि दत्ता गावी गेले होते. त्यांच्या घरची माणसं खडीच्या कामावर होती, तिथं हात लावायला. ओसरीवर आम्ही दोघंच. कौल लावायचा. सातांपैकी चार किंवा जास्त कवड्या उताण्या पडल्या तर देव हो म्हणाला, असं ठरलं होतं. चिंधूनं टँकरच्या पाण्यातलं तांब्याभर वाचवून अंघोळ केली होती. अंगात धुतलेला सदरा. त्याच्या गावाकडची एक रीत आहे — कौल मागणाऱ्यानं कौल बघायचा नाही. मागणाऱ्याच्या डोळ्यांत हाव असते, तो नसलेलं बघेल. म्हणून त्यानं पाठ करायची आणि दुसऱ्यानं वाचून सांगायचं. दुसरा सांगेल ते देवाचं. चिंधूनं कवड्या कपाळाला लावल्या, डोळे मिटून खाली टाकल्या आणि पाठ केली.

पाच उताण्या होत्या.

मी त्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. त्याची पाठ माझ्यासमोर होती, सदऱ्यातून मणके दिसत होते. मला काय वाटलं ते मी आजही नीट सांगू शकतो. उद्यापासून पहाटेची भाकरी नाही — हे वाटलं. दुसरं काही नाही. हेवा नाही, राग नाही. मी कवड्या हातानं गोळा केल्या आणि म्हणालो, "तीन."

तो वळला नाही. पाठमोऱ्यानंच हात जोडले. मग म्हणाला, "माझंच कायतरी चुकलं आसंल. आनखी किती दिस?"

मी म्हणालो, अकरा.

नवव्या दिवशी सकाळी तो टँकरच्या रांगेत बादलीसकट पडला. दवाखान्यात नेलं. कावीळ निघाली, पण डॉक्टर म्हणाले अंगात काहीच उरलेलं नाही, हा काय खात होता? परीक्षा तीन आठवड्यांवर होती. त्याचा बाप डोंगरातून आला. उंच माणूस, खांद्यावर घोंगडी, अनवाणी. त्यानं खोलीतलं चिंधूचं सामान बांधलं — ते एका गाठोड्यात मावलं — आणि जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू हुतास म्हनून पोराला आधार हुता. तुझं लई सांगतो त्यो." मी त्याच्या पाया पडलो. दुसरं काय केलं असतं? करण्यासारखं एकच होतं, आणि ते मी केलं नाही.

चिंधू परत आला नाही. मी पास झालो, पुढच्या वर्षी पदवीधर झालो, मास्तर झालो. मुलांना खोटं बोलू नये म्हणून शिकवलं, आणि चांगलं शिकवलं.

सतरा-अठरा वर्षांनी शाळेची सहल घेऊन भंडारदऱ्याला गेलो. धरणाच्या बागेत तो माळीकाम करत होता. त्यानंच मला ओळखलं. हातातलं खुरपं खाली ठेवून हसत आला, "आरं रंगा, म्हातारा झालास की तू." टपरीवर चहा घेतला. बायको, दोन मुली, बाप जाऊन चार वर्षं झालेली, सगळं सांगितलं. मी बोहाड्याचं विचारलं. विचारायला नको होतं, पण काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

म्हणाला, सोंग आता चुलत्याच्या घरी गेलं. बापानं शेवटच्या आजारात मुखवटा त्याच्यापुढे ठेवला होता, तीन वेळा म्हणाला घे. यानं घेतला नाही. गावानं नावं ठेवली, भावकीनं बोलणं टाकलं, बाप तसाच गेला.

"का रे?" मी म्हणालो.

"मला कौल येत न्हाई ना. तुला ठाव हाय की." मग माझ्या गुडघ्यावर थोपटून म्हणाला, "तू तवा खरं सांगितलंस ते बरं झालं. दुसरा आसता तर माझं तोंड बघून हो म्हनला आसता. आन मी तसाच, देवाच्या मनात नसताना, मुखवटा चढवून बसलो आसतो."

माझ्या हातात चहाचा ग्लास होता. मुलं दूर कठड्याशी दंगा करत होती. पाच होत्या — एवढे दोन शब्द. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, चल, गाडीची वेळ झाली. तो गाडीपर्यंत पोचवायला आला. मुलांना म्हणाला, तुमचे सर लई खरा मानूस हाय.

त्यालाही आता खूप वर्षं झाली. चिंधू अजून आहे, असं मागच्या वर्षी त्या भागातल्या एका शिक्षकानं सांगितलं. थकलाय, पण आहे. मी गेलो आणि सांगितलं तरी बाप परत येऊन मुखवटा पुढे करणार नाही, सोंग आता दुसऱ्या घरात रुळलं आहे. आणि चिंधूजवळ उरलंय ते एवढंच की आपण देवाला फसवलं नाही आणि एक मित्र आपल्याशी खरं बोलला. तेही मी काढून घेईन. म्हणून जात नाही, असं मी स्वतःला सांगतो. ते खोटं आहे. मी भितो म्हणून जात नाही.

सकाळी नगरहून अकोल्याला, भंडारदऱ्याच्या वाटेवर, गाडी असते. मी उद्या जाईन, असं इथे लिहिणार नाही.