सिस्टरअक्कांचा गुरुवार

सिस्टरअक्का कुणाही म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात घेऊन आल्या की त्याच्या शेजारी बसायच्या नाहीत, मागे उभ्या राहायच्या. डॉक्टरांनी सोबतच्या मुलाकडे किंवा सुनेकडे बघून “यांना कधीपासून दुखतंय?” असं विचारलं की मागून शांत आवाज यायचा, “त्यास्नीच इचारा की. समोरच हायत.” डॉक्टरांना मान वळवावीच लागायची. मग घरी चार चार दिवस गप्प असलेलं ते माणूस हळूहळू बोलायला लागायचं. बऱ्याचदा खरं दुखणं मुलानं सांगितलेल्यापेक्षा वेगळंच निघायचं.

त्या नेसरीजवळच्या एका वाडीतल्या. सगळी नोकरी सरकारी नर्स म्हणून वाड्यावस्त्या पायी फिरण्यात गेली. तिकडं कर्नाटकच्या सीमेलगत थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात. सिस्टरचा अर्थही बहीणच, पण गावानं दोन्ही शब्द जोडून टाकले आणि त्यांचं खरं नाव फक्त पेन्शनच्या कागदावर उरलं. लग्न केलं नव्हतं. भाऊ वारल्यावर भावजय आणि त्या अशा दोघी राहायच्या.

माझी त्यांची ओळख भांडणातून झाली. मी कसबा बावड्याची. कोल्हापुरातल्या एका खाजगी दवाखान्यात सरकारी आरोग्य योजनेच्या काउंटरवर नुकतीच लागले होते. एका शुक्रवारी दुपारी त्या दत्तूतात्या नावाच्या म्हाताऱ्याला स्ट्रेचरवरून घेऊन आल्या. अंगणात घसरून त्यांचा खुबा मोडला होता. योजनेत नाव होतं, कार्डही होतं, पण यंत्र अंगठा घेईना. मी दहाही बोटं लावून पाहिली. आयुष्यभर ऊस तोडलेल्या त्या हातांवर रेघाच उरल्या नव्हत्या. मी तात्यांच्या मुलाला सांगितलं, ओळखपत्र दुरुस्त करून सोमवारी या. मुलगा थकला होता. बरं म्हणाला आणि स्ट्रेचर वळवायला लागला.

अक्कांनी स्ट्रेचरची कड धरली.

“सोमवारपतोर ह्यो असा पडून ऱ्हायला तर छातीत कफ भरंल,” त्या मला म्हणाल्या. “खुबा मोडून माणसं मरत न्हाईत, पोरी. पडून ऱ्हाऊन मरत्यात. नियम काय हाय, त्यो मला वाचून दाखव.”

मी फाईल काढली आणि वाचू लागले. वाचता वाचता मी अडखळले, कारण पुढं काय आहे ते मला माहीत होतं. तातडीच्या पेशंटला अंगठ्याशिवाय फोनवर मंजुरी घेता येते, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. पण त्याला डॉक्टरांचं पत्र लागायचं, दोन-तीन अर्ज भरावे लागायचे, आणि पुढं काही चुकलं तर बोल माझ्यावर यायचा. आधी एकदा आला होता. म्हणून मी ती वाट कुणाला सांगत नव्हते. मी थांबले तशा अक्का म्हणाल्या, “वाच की फुडं.”

मी वाचलं. मग फोन लावला. तिकडून थांबा म्हणाले, फोन कट झाला, परत लावला. हाडांचे डॉक्टर घरी जायला निघाले होते. मी पळत जाऊन त्यांना जिन्यात गाठलं आणि सही घेतली. तात्या डोळे मिटून कण्हत होते. त्यांचा मुलगा एकदा माझ्याकडे आणि एकदा घड्याळाकडे बघत होता. मंजुरी आली तेव्हा काउंटर बंद व्हायला थोडाच वेळ उरला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन झालं.

निघताना अक्का माझ्यापाशी आल्या. “तुला ठावं हुतं,” एवढंच म्हणाल्या. मी हो म्हटलं. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. “आता इसरू नगंस,” म्हणाल्या आणि बस गाठायला गेल्या.

त्यानंतर त्या वरचेवर येत राहिल्या, कधी डोळ्याचा पेशंट घेऊन, कधी हृदयाचा. मी चहा मागवायची, तो त्या उभ्यानंच प्यायच्या. त्यांच्या बोलण्यात एकच विषय पुन्हा पुन्हा यायचा, बीपीच्या गोळ्यांचा. त्यांच्या भागातल्या म्हाताऱ्यांना ज्या सरकारी दवाखान्यातून गोळ्या मिळायच्या, तिथं एका वेळी आठच दिवसांच्या देत. दोन एसट्या बदलून जायचं, रांगेत उभं राहायचं, आठ दिवसांनी पुन्हा तेच. अक्कांनी अर्ज केले होते. उत्तर आलं नव्हतं.

एके दिवशी सकाळी त्यांच्या शेजारच्या शेवंताकाकूंची उजवी बाजू गेली. अँब्युलन्स मिळून आमच्याकडे पोचेपर्यंत दुपार झाली होती. काकू वाचल्या नाहीत. त्या दिवशी मी अक्कांना पहिल्यांदा बाकावर बसलेलं पाहिलं. काकूंच्या उशाखाली अक्कांच्या भावजयीला गोळ्यांची पुडी सापडली होती, प्रत्येक गोळी मधोमध तोडलेली. आठ दिवसांच्या गोळ्या काकू सोळा दिवस पुरवत होत्या.

“मी तिला रोज इचारायची, गोळी घेतलीस काय? ती व्हय म्हणायची,” अक्का जमिनीकडे बघत म्हणाल्या. “अर्धी घेतलीस का सगळी, ह्ये इचारलंच न्हाय मी. इतकी वर्सं नर्स म्हणून फिरले, आन् ह्ये इचारलं न्हाय.”

पुढच्या महिन्यात आरोग्य खात्याची एक बैठक होती. वरचे एक अधिकारी येणार होते. अक्कांनी मला सोबत बोलावलं. मी रजा टाकून गेले. अधिकारी कर्मचाऱ्यांच्या अडचणी सांगत होते. गोळ्यांचा विषय निघाल्यावर ते म्हणाले, वयस्कर लोक विसरतात, एकदम जास्त गोळ्या दिल्या तर भलत्याच खाऊन बसतील, त्यांच्या काळजीपोटीच असं ठेवलंय. सभागृहात माना हलल्या.

अक्का उठून पुढं गेल्या. त्यांचे एक जुने वरिष्ठ पहिल्या रांगेत होते, ते हातानं बसा, बसा अशी खूण करत होते. अक्कांनी पिशवीतून रुमाल काढला आणि अधिकाऱ्यांच्या टेबलावर सोडला. त्यात अर्ध्या गोळ्या होत्या. काकूंच्या एकटीच्या नव्हेत. वाडीत घरोघर फिरून त्यांनी त्या गोळा केल्या होत्या.

“ह्ये इसरल्यालं न्हाय सायेब,” त्या म्हणाल्या. “ह्ये पुरवून खाल्ल्यालं हाय.”

अधिकाऱ्यांचा चेहरा लाल झाला. हे इथून उचला, असं ते म्हणाले. अक्कांनी उचललं नाही. त्या तशाच उभ्या राहिल्या आणि मला वाटलं, आता यांना बाहेर काढणार. शेवटी अधिकाऱ्यांनी एक गोळी बोटांत धरली, उलटसुलट करून पाहिली आणि शेजारच्याला हळू आवाजात काहीतरी विचारलं. बैठक तिथंच आवरली.

आदेश यायला पुढं कितीतरी महिने गेले. त्या काळात अक्का किती वेळा फाईलच्या मागे गेल्या ते मी पाहिलंय. शेवटी महिन्याच्या गोळ्या मिळायला लागल्या आणि वाडीच्या आरोग्य उपकेंद्रात दर गुरुवारी म्हाताऱ्या माणसांची तपासणी सुरू झाली. डॉक्टर सगळ्याच गुरुवारी येतात असं नाही. पण नर्स येते, बीपी बघते, साखर बघते, पायाची जखम बघते. दोन एसट्या बदलाव्या लागत नाहीत. अक्का तिथला एकही गुरुवार चुकवायच्या नाहीत.

अलीकडे एकदा अक्का एकट्याच आल्या, कुणाला न घेता. फार वाळल्या होत्या. तपासणीत पोटात गाठ निघाली. मी त्या दिवशी सगळे कागद इतक्या झटपट उरकले की मलाच नवल वाटलं. मंजुरी आली. तारीखही मिळाली. अक्कांनी डॉक्टरांना विचारलं, ऑपरेशननंतर किती दिवस पडून राहावं लागेल, आणि त्यानंतर किती मिळतील? डॉक्टर प्रामाणिक होते. ऐकून अक्कांनी नको म्हणून सांगितलं.

मी चिडले. रडलेही. सगळं तयार असताना नाही कसं म्हणता, असं त्यांना बोलले.

“तुझं कागद चांगलं हायत गं,” त्या म्हणाल्या. “पर मला गुरुवार चुकवायचा न्हाय.”

मी त्यांना स्टँडवर जाऊन गडहिंग्लजच्या गाडीत बसवलं. पुढं काही गुरुवार त्या उपकेंद्रात जात होत्या. मग जाता येईना, तेव्हा नर्सच घरी येऊन हकीकत सांगायची. थंडी सरता सरता त्या गेल्या.

रक्षाविसर्जन गुरुवारीच आलं. मी पहाटेची गाडी धरून पोचले. विधी आटोपल्यावर माणसं घराकडं न वळता उपकेंद्राकडं चालायला लागली. नर्स दारात उभी होती. आज बंद ठेवावं का, हे तिला कळेना. अक्कांची भावजय म्हणाली, “उघडं ऱ्हाऊ दे. लोकं लांबनं आल्यात.”

ओट्यावर रांग लागली. नर्स एकटीच होती आणि रजिस्टर उघडं पडलं होतं. मी खुर्ची ओढून बसले आणि नावं लिहायला लागले. दुपारच्या गाडीनं मला परत यायचं होतं. ती समोरून गेली. शेवटचं माणूस उठेपर्यंत मी तिथंच बसून होते.