अक्काच्या वाटणीचा तुकडा

रूथअक्का गेली तेव्हा मी दारात दूधवाल्याशी भांडत होते. अक्काच्या घशाखाली दुधाशिवाय काही उतरत नव्हतं आणि हा बाबा त्यातही पाणी घालून आणायचा. "अरे, आजारी माणसाच्या पोटात जातंय ते," असं माझं तावातावानं चाललं होतं, तेवढ्यात आतून सरोजची, अक्काच्या लेकीची, हाक आली. "काकू, आत या." एवढंच. तिच्या आवाजात जराही घाई नव्हती, त्यावरूनच मला कळलं. दुधाचं पातेलं मी तसंच त्याच्या हातात ठेवलं. आता कुणासाठी घ्यायचं होतं...

रूथअक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. सांगोल्याकडची, उंच, काटक, बोलायला लागली की समोरच्याला पळता भुई थोडी करणारी. आमचे दोघींचे नवरे सख्खे भाऊ, दोघेही केव्हाच गेले, पण आमची चूल शेवटपर्यंत एकच राहिली. सोलापुरातल्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून होणाऱ्या प्रभुभोजनाला पाव नसतो, ज्वारीची कडक भाकरी असते. पातळ थापायची, तव्यावर भाजायची, मग निखाऱ्यांजवळ उभी करून पार कोरडी होऊ द्यायची. अशी भाकरी महिनोन् महिने टिकते. उपासनेत पाळक ती दोन्ही हातांत धरून मोडतात तेव्हा तिचा कडाडून आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो. मग तुकड्यांचं ताट हातोहात फिरतं. ज्यानं त्यानं आपला तुकडा घ्यायचा आणि ताट शेजारी द्यायचं. ती भाकरी आमच्या घरून जायची, अक्काच्या हातची. आणि अक्का मात्र शेवटच्या बाकावर बसून ताट आलं की तसंच पुढे सरकवायची.

याचं कारण शमू. तिचा थोरला मुलगा, शाळेत जाणारा, दिवसभर गोट्या खेळणारा. ताप डोक्यात गेला आणि आठवडाभरात पोर संपलं. माझ्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. कबरस्तानात त्या वेळचे पाळक तिला समजावायला म्हणाले, "बाई, देवाला त्याची गरज होती." अक्का रडायची थांबली. "त्याला गरज? त्येच्याकडं काय पोरं कमी हायत का? मला दोनच हुती की." त्यानंतरच्या प्रभुभोजनाला तिनं ताट पुढे सरकवलं. घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं तर म्हणाली, "ज्यानं माजं पोर न्हेलं, त्येच्या पंगतीला मी बसत न्हाय." मग भाकरी का करतेस, असं विचारलं तर म्हणाली, "मंडळीसाटी करते. मंडळीनं माजं काय घेतलंय?"

आता त्या वेळच्या माझ्याबद्दल सांगायलाच हवं, कारण तसा नमुना पुन्हा होणे नाही. लांब वेणी, संडे स्कूलची शिक्षिका, बायबलची वचनं तोंडपाठ, पाठांतराची बक्षिसं माहेराहून ट्रंकेतून घेऊन आलेली. देवानं मला या घरात खास अक्काच्या उद्धारासाठी धाडलंय, अशी माझी पक्की खात्री. मी तिच्या उशाशी वचनं लिहून ठेवायची, ती त्या कागदांनी चूल पेटवायची. शेवटी मी एक युक्ती काढली. प्रभुभोजनातला माझा तुकडा न खाता पदरात बांधून आणला, कुटून बारीक केला आणि अक्काच्या आमटीत टाकला. म्हटलं, एकदा पोटात गेला की आपलं काम तोच करेल! अक्कानं एक घास घेतला, जिभेवर घोळवला. तिच्या हातची भाकरी, तिला कळणार नाही होय? ताट खाली ठेवून म्हणाली, "धाकटे, द्येव काय जिरं हाय व्हय गं, फोडणीत घातला की उतरतो?" सासरे बाहेर सोप्यात बसले होते, त्यांना हसता हसता ठसका लागला. त्यानंतर कित्येक वर्षं आमटी वाढताना ती मला विचारायची, "आज जिरंच हाय न्हवं?" मी हात टेकले. बक्षिसं ट्रंकेत गेली ती गेलीच.

वर्षं तशीच गेली. अक्का दर रविवारी यायची, गाणी म्हणायची नाही, डोळे मिटायची नाही. देवासमोर नुसती बसून राहायची, कुणाकडे न्याय मागायला आल्यासारखी. सरोजचं लग्न झालं. मला वाटे, ही अशीच जाणार. मग आमच्या मंडळीतल्या शीला नावाच्या पोरीचं पहिलं बाळ जन्मताच गेलं. त्यानंतरच्या प्रभुभोजनाला ती आली ती थेट मागे, अक्काच्या बाकावर येऊन बसली. पुढच्या बाकांवरच्या कुजबुजीपेक्षा तिला ते बरं वाटलं असावं. मी अक्काच्या पलीकडे होते. ताट शीलाकडे आलं. तिनं ते हातात धरलं, मान वळवून अक्काकडे पाहिलं आणि अगदी अक्का सरकवायची तसंच, एका हातानं, खाली न बघता, पुढे सरकवलं. मंडळीतल्या पोरींनी लहानपणापासून तो हात पाहिलेला होता. लेकींना लुगडं नेसणं शिकवावं तसं अक्कानं ते न बोलता शिकवलं होतं.

अक्का ताट धरून तशीच बसली. ताट पुढे जाईना. पुढच्या लोकांनी माना वळवल्या. ताटातले तुकडे खडखड वाजत होते. मग तिनं एक तुकडा उचलला, मोडला, अर्धा आपल्या तोंडात टाकला आणि अर्धा शीलाच्या मुठीत कोंबला. "खा गं. माजं बघून उपाशी ऱ्हाऊ नगंस. लई वाईट हाय ते." शीला तिच्या मांडीवर डोकं ठेवून ओरडून रडली. कुणी तिला गप्प केलं नाही. घरी येताना मी, अजून थोडी संडे स्कूलची शिक्षिका उरलेली, न राहवून म्हणाले, "अक्का, मिटलं म्हणायचं का भांडण?" "कुटलं मिटतंय!" ती म्हणाली. "आदी उपाशी ऱ्हाऊन भांडत हुते, आता जेवून भांडीन. त्यो कुटं जातोय, मी कुटं जाते." त्या दिवसापासून ती गाऊ लागली. बेसूर गायची, पण शेवटच्या बाकावरून सगळ्यांच्या वर तिचा आवाज यायचा. प्रार्थना करताना शमूचं नाव घेऊन देवाला जाब विचारायची आणि मग त्याच देवाला, "सरोजच्या घराकडं ध्यान ठेव," असं सांगायची. वैर सरलं होतं. भांडण घरच्या माणसाशी असतं तसं झालं होतं.

एवढं गोड होऊन थांबलं असतं तर बरं झालं असतं. जन्मभर मिश्री लावलेल्या तोंडानं शेवटी आपला हिशेब मागितला. घशात गाठ निघाली. आधी भाकरी बंद झाली, मग भात, मग पेज. जे ती इतकी वर्षं हौसेनं नाकारत होती, ते आता हवं असून घशाखाली जाईना. शेवटच्या आठवड्यात आमचे तरुण पाळक घरी प्रभुभोजन घेऊन आले. भाकरीचा इवलासा कण द्राक्षरसात भिजवून त्यांनी तिच्या जिभेवर ठेवला. तिनं तोंड मिटलं. गिळायचा प्रयत्न केला, मानेच्या शिरा ताठ झाल्या, डोळ्यांतून पाणी आलं. पुन्हा केला. होईना. पाळकांनी तोंड फिरवलं, पोरगाच तो, त्याचं वयच काय... माझ्या मनात देवाबद्दल जे आलं ते इथं लिहिण्याजोगं नाही. एवढं खरं की त्या क्षणी ताट माझ्याकडे आलं असतं तर मी ते भिरकावलं असतं.

अक्कानं दोन बोटांनी तो कण जिभेवरून काढला आणि माझा हात ओढून तळव्यावर ठेवला. आवाज नव्हताच उरला, ओठांवरून कळलं. "धाकटे, माज्या वाटणीचं तू खा." एका घरात जन्म काढला, पण एकमेकींचं उष्टं आम्ही कधी खाल्लं नव्हतं, तिला ते चालायचं नाही. मी खाल्लं. गाठीचा वास होता त्याला. तिनं नीट पाहिलं, गिळलंय ना म्हणून, आणि मग डोळे मिटले. तीन-चार दिवसांनी सकाळी मी दूधवाल्याशी भांडत असताना ती गेली. तिला शमूशेजारी ठेवलं.

गेल्या रविवारी प्रभुभोजन होतं. आदल्या दिवशी मी भाकऱ्या करायला बसले. एक फाटली, एक करपली, उरलेली इतकी जाड की अक्का म्हणायची तसं, "हिच्या भाकरीनं द्येवाचा दात पडंल." पत्र्याच्या डब्यात तिच्या हातची शेवटची एक कडक भाकरी होती, थापताना उमटलेल्या बोटांच्या खुणा तशाच. सरोज म्हणाली, "काकू, ही राहू द्या. आईचे हात आहेत हे." मी म्हटलं, "अगं, भाकरी काय फोटो आहे भिंतीला टांगायला?" म्हटलं खरं, पण फडक्यात गुंडाळताना माझी बोटं तिच्या बोटांच्या खुणांत ठेवून पाहिली. माझी जाड, बसेनात.

पाळकांनी ती मोडली. कडाडून आवाज झाला, शेवटच्या बाकापर्यंत आला. मी आता तिथंच बसते, शीलाशेजारी. ताट आलं, शीलानं आपला तुकडा घेतला आणि ताट माझ्यासमोर धरून थांबली. अक्कानं सांगून ठेवलं होतं, तरी माझा हात पटकन वर होईना. मग मी माझा तुकडा घेतला. दात उरलेले नाहीत मला, कडक भाकरी चावायची सोय नाही. तोंडात धरून बसले, मऊ होईपर्यंत. सगळे उठून बाहेर गेले तरी तो भिजत होता.